घशात काही नव्हतं

तुंगा हंबरत होती, आणि तो आवाज तुंगाचा नव्हता.

तुंगाचा आवाज वारिजा झोपेतही ओळखायची. धारवाडच्या माहेरच्या गाईची ही कालवड. लेकीच्या घरी दूधदुभतं असावं म्हणून बापानं लग्नानंतर रेल्वेनं बेंगळूरला पाठवलेली. बसवनगुडीतल्या त्या सासरघरात वारिजाच्या बाजूचं म्हणावं असं कुणी असेल, तर ही एक गाय. आणि आता तिच्या गळ्यातून जे निघत होतं ते घोगरं, फाटकं, मध्येच तुटणारं. कुणाला हाक नाही, चाऱ्यासाठी नाही, नुसतं आपलं ओरडणं. एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही. गोठ्याला लागून असलेल्या पडवीत वारिजा गुडघे पोटाशी घेऊन गोणपाटावर बसली होती, आणि दर हंबरड्याला ते आणखी आवळून घेत होती.

ती बाजूला बसली होती. बाजूला म्हणजे काय हे आमच्या वेळी कुणी कुणाला सांगत नसे, पण आता सांगायला हवं. ही अठ्ठावन्न सालची गोष्ट. महिन्याचे ते तीन दिवस सुनेनं परसातल्या पडवीत काढायचे. ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण म्हणजे गोणपाट. कुणाला शिवायचं नाही, विहिरीकडे फिरकायचं नाही, तुळशीवर सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. आणि गाईला तर मुळीच हात लावायचा नाही, तिच्या पोटात तेहतीस कोटी देव. या बाबतीत वारिजाच्या सासूबाई, सरस्वतीबाई, कुणाच्या बापाचं ऐकणाऱ्या नव्हत्या. मागच्या वर्षी वारिजाच्या पदराची कड चुकून देवाच्या परडीला लागली, तर बाईंनी अख्खं स्वयंपाकघर धुऊन काढलं आणि पुढं कितीतरी दिवस सुनेशी एक शब्द बोलल्या नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तरी बरं झालं असतं.

अशा घरातल्या वारिजानं काल तुंगाच्या तोंडात हात घातला होता. चांगला कोपरापर्यंत.

काल दुपारी घरात चिटपाखरू नव्हतं. सासरे भीमाचार्य आणि सरस्वतीबाई मठात प्रवचनाला गेलेले, नवरा व्यंकटेश कचेरीत. तुंगा मान पुढे ताणून उभी होती, जबडा अर्धवट उघडा, लाळेची तार पार जमिनीपर्यंत. आदल्या दिवशी तिला फणसाची सालं घातली होती. त्यातलं एखादं घशात बसलं असणार, वारिजाला दुसरं काही सुचलंच नाही. तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. शेजारी हाक मारावी तर सांगणार काय, आणि तेच लोक संध्याकाळी सासूबाईंना काय सांगणार? डोळ्यांदेखत जनावर गुदमरून मरताना बघवेना. शेवटी ती उठली. डाव्या हातानं तुंगाचं नाक धरलं आणि उजवा हात घशात घातला, माहेरी बाप घालायचा तसा. आत चाचपून बघितलं. काही नव्हतं. हात ओढून घेताना बांगडी दाढेवर आपटून फुटली आणि काच मनगटात रुतली. रक्त आलं, फार नाही. तिनं पदरानं पुसलं, बांगडीचे तुकडे वळचणीत खुपसले, हाताची लाळ गोणपाटाला पुसली आणि परत जागेवर येऊन बसली. जशी काही उठलीच नव्हती.

संध्याकाळी सरस्वतीबाई आल्या. लांबूनच गाईकडे बघत म्हणाल्या, "कुणीतरी विटाळ केलाय. गाय उगीच अशी कोपत नाही." सुनेकडे बघून नाही म्हणाल्या. बाजूला बसलेल्या बाईकडे त्या बघतच नसत. पण तेव्हापासून वारिजाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. आपल्याच हातानं गाय बिघडली असं वाटायचं, मग आठवायचं की बिघडली होती म्हणून तर हात घातला. पण माणूस एवढं भ्यालं की आधी काय आणि नंतर काय याचा हिशेब त्याला लागत नाही.

आज सकाळी भीमाचार्य गुरांच्या डॉक्टरला घेऊन आले. उमाकांत चिकोडीकर त्यांचं नाव. सीमेकडचा माणूस, या घरासारखाच मराठी बोलणारा, म्हणून आचार्यांचा त्यांच्यावर फार जीव. हातात चामड्याची पिशवी होती, पण ती त्यांनी उघडलीच नाही. परसाच्या दारातच थांबले, सगळ्यांना मागं सारलं, कोपऱ्यातली एक पाटी उपडी घातली आणि तिच्यावर बसले. बसले ते बसलेच.

तुंगा ओरडे, मग थांबे, मग समोरच्या रिकाम्या भिंतीकडे टक लावून बघत राही, जसं तिथं कुणी उभं आहे. डॉक्टर तिच्याकडे बघत होते. वारिजा डॉक्टरांकडे बघत होती.

सरस्वतीबाईंचा धीर सुटला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातूनच त्या म्हणाल्या, "अहो, गाय तपासायला बोलावलंय की नुसती बघायला? बघून तर आम्हीही दमलो. घशात काही अडकलंय, हात घालून काढा की."

"स्वल्प थांबा, काकू," डॉक्टर नजर न हलवता म्हणाले. "माणूस असता तर विचारलं असतं, बाबा कुठं दुखतंय. हिला कसं विचारू? ती वागते कशी, तेवढंच तिचं बोलणं. ते आधी ऐकू दे. हात घालायचा तर सगळ्यात शेवटी."

मग त्यांनी एकदा टाळी वाजवली. मोठी नाही, साधीच. तुंगा गर्रकन फिरली आणि गोठ्याच्या खांबावर कपाळ आपटलं. पुन्हा आपटलं. जी गाय आयुष्यात कधी मांजरावर धावून गेली नव्हती, ती खांबाला शिंगं लावून त्याला उपटायला बघत होती. वळताना तिचे मागचे पाय लटपटले. वारिजानं दोन्ही हात तोंडावर दाबले. डॉक्टरांनी लांब बांबूनं पाण्याची बादली तिच्यापुढं ढकलली. तुंगानं तोंड पाण्यात बुडवलं, तहान तर लागलेलीच होती बिचारीला. पण पाणी आत जाईना. जेवढं घेई तेवढं लाळेबरोबर बाहेर सांडे.

डॉक्टर उठले. आता त्यांचा आवाज खाली आला होता.

"आचार्य, मागच्या महिना-दोन महिन्यांत हिला कुत्रं चावलं होतं का?"

भीमाचार्यांनी कपाळावर हात ठेवला. "चरायला गवीपूरच्या माळावर जाते. गवळी एकदा म्हणाला होता खरं, कुत्र्यानं मागच्या पायाला धरलं म्हणून. हळद भरली. जखम सुकून गेली की. आम्ही विसरूनही गेलो."

"मला संशय येतोय," डॉक्टर म्हणाले. "खात्री नाही, संशय. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग आहे हा."

भीमाचार्यांनी तुंगाच्या मागच्या पायाकडे बघितलं.

"गाईचा घसा लुळा पडतो यात. गिळता येत नाही, लाळ गळते, बघणाऱ्याला वाटतं काहीतरी अडकलंय. आणि भला माणूस हात घालतो." डॉक्टर तुंगाकडे बघत म्हणाले. "माझ्याबरोबर शिकलेल्या एकानं घातला होता. डॉक्टरच होता तोही. नंतर आम्ही सगळे त्याच्या बायकोला भेटायला गेलो होतो."

मग एकेकाकडे बघत त्यांनी विचारलं, "कुणी हिच्या तोंडात हात घातलाय? हाताला लाळ लागलीय? कुठं खरचटलंय, कापलंय? नीट आठवून सांगा. जखमेला लाळ लागली असेल तर पोटात सुया घ्याव्या लागतात, आणि त्या आजच सुरू करायला हव्यात. माणसात एकदा रोग दिसायला लागला की मग कुठल्याच डॉक्टरकडे औषध नाही."

"मी नाही," भीमाचार्य म्हणाले.

"मी सदा मडीत. लांबूनच चारा टाकते," सरस्वतीबाई म्हणाल्या. मडी म्हणजे त्यांचं सोवळं, सकाळी विहिरीवर न्हाऊन नेसलेलं. "व्यंकटेश तर इकडं फिरकतही नाही."

वारिजाचं नाव कुणी घेतलं नाही. घ्यायचं कारणच नव्हतं. ती बाजूला बसलेली.

वारिजानं उजवा हात पदराखाली ओढून घेतला. मनगट ठणकत होतं. सकाळपासून ठणकत होतं की आत्ताच लागलं, तिला सांगता आलं नसतं. तिनं आवंढा गिळून बघितला. गिळला गेला. पुन्हा गिळून बघितला. तोंडात थुंकी उरली नाही तेव्हा गिळता येईना, आणि ती इतकी घाबरली की डोळ्यांपुढं अंधारी आली. समोर तुंगा पाणी पिऊ बघत होती आणि पाणी सांडत होतं. उद्या मी अशीच. इथंच, याच खांबाला बांधतील मला.

बोलावं तर सासूबाई, न बोलावं तर मरण. कुणीही म्हणेल, अगं यात विचार तो काय करायचा? म्हणणाऱ्यानं त्या पडवीत जाऊन बसावं आणि मग म्हणावं. कुणीतरी विटाळ केलाय, असं बाई काल म्हणाल्या होत्या. आज वारिजानं तोंड उघडलं की ते खरं ठरणार होतं. गाय मेली ती सुनेच्या विटाळानं, हे मठात जाणार, गल्लीत जाणार, धारवाडला जाणार. आणि डॉक्टर तर नुसता संशय म्हणतात. खात्री कुठं आहे? तिनं त्या एका शब्दाला घट्ट धरून ठेवलं.

"सरी, ठीक आहे, मग सुटलात," डॉक्टर म्हणाले. "आता मला हिचं पहिल्यापासून सांगा. सगळ्यात आधी काय बदललं? आजच्या वागण्यावरून निम्मं कळतं, उरलेलं सुरुवातीवरून. त्यानं संशय पक्का होईल, नाहीतर जाईल तरी."

सांगणार कोण? भीमाचार्य म्हणाले, मला वाटलं माजावर आलीय. सरस्वतीबाई म्हणाल्या, परवापासून दूध आटलंय. यापलीकडं दोघांनाही काही माहीत नव्हतं.

"दिवसभर हिच्याजवळ कोण असतं?"

"सून आहे," भीमाचार्यांनी हनुवटीनं पडवीकडे दाखवलं. "या दिवसांत तिथंच असते ती."

डॉक्टरांना काय ते कळलं. ते जवळ आले नाहीत, धुण्याच्या दगडाच्या अलीकडेच थांबले. "अक्का, तुम्ही सांगा मग. घाबरू नका. जे बघितलं तेवढंच सांगा."

वारिजा उभी राहिली. "आधी मागचा पाय घासायला लागली भिंतीला. ते जुनं चावलेलं होतं तिथं. सोलून रक्त आलं तरी थांबेना."

डॉक्टरांनी मान हलवली. "मग?"

"मग दचकायला लागली. कावळा ओरडला तरी. पानाचा आवाज झाला तरी."

"तुम्हाला ओळखत होती?"

वारिजाला रडू आलं. "हाक मारली की कान हलवते ती. नेहमी. परवा सकाळी हलवले नाहीत. माझ्याकडे बघत होती, पण मी कोण ते तिला कळत नव्हतं. दुपारी आवाज बदलला. मग लाळ सुरू झाली."

प्रत्येक वाक्याला डॉक्टरांचा चेहरा उतरत चालला होता. तो बघून वारिजाच्या हातातला तो एक शब्द, संशय, सुटत चालला.

"खोकली का? ठसका लागल्यासारखं?"

"नाही."

"डावी कूस फुगली होती?"

"नाही. रवंथ बंद आहे, पण फुगली नाही."

"अडकलं असतं तर फुगली असती," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. "खोकली तरी असती."

"नाही खोकली. आणि घशात काही नव्हतंच."

बोलून गेली. तोंडातून निसटलं की तिनंच निसटू दिलं, हे तिला पुढं म्हातारपणीही नक्की सांगता येत नसे.

अगदी हळू आवाजात डॉक्टरांनी विचारलं, "घशात काही नव्हतं हे तुम्हाला कसं कळलं, अक्का?"

वारिजानं पदराखालून हात काढला आणि पुढं धरला. मनगटावर लाल रेघ होती, कडेनं सुजलेली.

"काल दुपारी," ती म्हणाली. "घरात कुणी नव्हतं. मला वाटलं साल अडकलंय. बांगडी फुटली."

सरस्वतीबाई उंबऱ्यावरून खाली उतरल्या. आता काय होणार ते भीमाचार्यांना ठाऊक होतं. त्यांनी मान खाली घातली. बाई परस ओलांडून सरळ पडवीकडे निघाल्या, तशी वारिजा मागं सरकत भिंतीला टेकली. सवयच तशी लागलेली. "आत्याबाई, नका. मी बाजूला आहे. तुम्ही मडीत आहात."

"ठाऊक आहे मला," सरस्वतीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. उलटसुलट करून बघितलं. "कालपासून गप्प बसलीस?"

"तुमची भीती वाटली."

मनगट न सोडता डॉक्टरांकडे वळून बाईंनी विचारलं, "काय करायचं ते सांगा."

"साबण लावून वाहत्या पाण्यात धुवा. भरपूर वेळ. मग तशाच मोठ्या इस्पितळात घेऊन जा, मी चिठ्ठी देतो. काकू, तुमच्या हाताला कुठं कापलेलं नाही ना?"

"नाही."

सुनेला हाताला धरूनच बाई विहिरीवर गेल्या. ज्या विहिरीच्या काठावर एरवी या दिवसांत वारिजाची सावली चालत नसे, तिथं तिला बसवलं. देवाच्या पाण्याची तांब्याची घागर आत सोडली. भीमाचार्य हलकेच म्हणाले, "अगं, ती घागर..."

"असू दे," बाई म्हणाल्या.

धुण्याचा साबण घेऊन त्या मनगट चोळत राहिल्या. घागर रिती झाली की पुन्हा ओढायच्या, पुन्हा ओतायच्या.

"काल ताट तसंच सरकवलंस परत," सरस्वतीबाई खाली बघत म्हणाल्या. "घाससुद्धा मोडला नव्हतास. दिसलं होतं मला. गाईनं चारा टाकला तर डॉक्टर आणवला मी, आणि तू ताट टाकलंस तर म्हटलं, नखरे असतील." त्यांनी आणखी जोरात चोळलं. वारिजा कळवळली, पण तिनं हात मागं घेतला नाही.

निघताना डॉक्टर म्हणाले, "हिचं मी बघतो. तुम्ही जा." बघतो म्हणजे काय ते वारिजाला कळलं. परसाच्या दारात तिचे पाय अडले. वळून तिनं हाक मारली, "तुंगा." तुंगा भिंतीकडेच बघत होती. कान हलले नाहीत.

दारात जटका, म्हणजे तिकडचा टांगा, आणून उभा केला होता. सरस्वतीबाई मडीच्या ओल्या लुगड्यानिशी रस्त्यावर आल्या, साऱ्या गल्लीदेखत. ज्या बाई मठातून येतानाही कुणाचा धक्का लागू नये म्हणून रस्ता बदलत, त्या सुनेला आधी चढवून तिच्या शेजारी बसल्या. घोडा चालू लागला. वारिजा सवयीनं अंग चोरून पार कडेला सरकली. एक पाय बाहेर लोंबत होता. गांधी बाजार मागं पडला तरी तिच्या कानात तोच फाटका आवाज होता, आणि दर थोड्या वेळानं ती आवंढा गिळून बघत होती.

"आत्याबाई," तिनं विचारलं, "मी मरेन का?"

"मला काय ठाऊक? मी काय देव आहे?" सरस्वतीबाई म्हणाल्या. खड्ड्यावर चाक आदळलं तशी त्यांनी तिच्या कमरेत हात घातला आणि तिला ओढून घेतलं. "इकडं सरक. पडशील."